वाघाचा वाटा

आमच्या शेजारणीची सून उन्हाळ्यात मुलांची शिबिरं घेते. रत्नागिरीबाहेर कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत तंबू ठोकतात, पुण्यामुंबईची मुलं येतात, झाडांना मिठ्या मारतात, गोल करून गाणी म्हणतात आणि चार दिवसांनी अंगभर डासांच्या गांधी घेऊन घरी जातात. परवा ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तुम्ही लहानपणी गुरं राखलीत ना? मग या की आमच्या मुलांशी बोलायला. रानात मुलं कशी एकत्र वाढायची, सगळं गाव कसं त्यांचं असायचं, ते सांगा. आपलेपणा म्हणजे काय हे आजकालच्या मुलांना कळतच नाही हो."

मी तिला चहा दिला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तिला वाटलं, काकूंचे गुडघे दुखत असतील. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मला त्या शब्दाचा राग येतो. ज्याला त्याला गावाचा आपलेपणा हवा असतो, कपात ओतून, साखर घालून. मला तो शेणाच्या गोळ्यांनी शिकवलेला आहे, पाठीवर, आणि त्या गोळ्यांत दगड होते. हे त्या मुलांना कसं सांगणार? त्यांच्या आया फोन करतील.

सांगायचंच तर इथे सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गाव आमचं रत्नागिरी तालुक्यातलं, समुद्रापासून आत. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि मला लग्नाची आमंत्रणं पाठवतात.

गावाच्या डोक्यावर सडा. नुसता कातळ, पावसात त्यावर गुडघाभर गवत वाढतं आणि दिवाळीपर्यंत पिवळं पडतं. हवा स्वच्छ असली की लांब मालगुंडाकडचा समुद्र दिसायचा. सड्याच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला रान आणि तिसऱ्या अंगाला एक जुनी चिरेखाण. चिरे काढून सोडून दिलेली, पुरुषभर खोल, सुरीने खरवस कापावा तशा सरळ कडा. शाळा सुटली की वाडीतली आम्ही दहाबारा पोरं ढोरं घेऊन वर जायचो.

ढोरं राखणं म्हणजे झाडाखाली बसून पावा वाजवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुपारी सड्यावर उभं राहून बघावं. एकट्याने ढोरं राखताच येत नाहीत. तुम्ही एकीकडे बघता तोवर ढोर दुसरीकडे कुणाच्या तरी भातात शिरलेलं असतं. म्हणून आम्ही बाजू वाटून घ्यायचो. कुणी शेताकडे, कुणी रानाकडे, कुणी खाणीकडे. ढोर कुणाचंही असो, आपल्या बाजूला आलं की आपण हाळी द्यायची, "तुजी काळी शेतात उतरली रे," आणि ज्याचं ढोर त्याने पळायचं. कुठला पाला खाऊन गुरं फुगतात, पावसाआधी म्हशी कुठे तोंड करतात, साप असला की गवतात बगळे कसे उभे राहतात, हे सगळं त्या हाळ्यांमधूनच कळायचं. शिकवणारं कोण, तर आपल्याहून दोन वर्षांनी मोठं पोर, आणि चुकलं की पाठीत धपाटा. त्याला निसर्गशिक्षण म्हणतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्यात सगळ्यात मोठा मुलगा शाळा सोडलेला, काटकुळा आणि तिरसट होता. त्याला आम्ही थोरला म्हणायचो, आणि तो म्हणेल ते सड्यावर व्हायचं. माझी मैत्रीण म्हणजे शेजारच्या घरातली मुलगी, माझ्याच वर्गातली. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक दगडी गडगा, त्यावर बसून आम्ही पावसाळाभर काकड्या खाल्लेल्या. खाणीची बाजू कायम तिची, कारण वाडीत तिच्याएवढा मोठा आवाज कुणाचा नव्हता.

आणि मग आम्हाला वाळीत टाकलं.

झालं असं, की शेतात जायच्या एका वाटेवरून गावच्या मुख्य मानकऱ्याचा आणि एका विधवेचा दावा चालू होता. माझा बाप मुंबईला गिरणीत. गणपतीला घरी आला होता, त्याला साक्षीला बोलावलं. त्याने कोर्टात उभं राहून खरं ते सांगितलं, की वाट पूर्वापार त्या बाईचीच. रजा संपली तसा तो मुंबईला निघून गेला. खरं बोलायला तो आणि भोगायला आम्ही, मी आणि आई.

देवळात बैठक बसली आणि ठरलं. या घराशी बोलणं बंद, विस्तव बंद, पाणी बंद, पंगत बंद. जो बोलेल त्याचं घरही वाळीत. गाव करील ते राव काय करील म्हणतात ना? अगदी खरं आहे. रावाला एवढा नीचपणा सुचलाच नसता. वाणसामानाचं दुकान मानकऱ्याच्या पुतण्याचं, तिथून आई मीठसुद्धा न मिळता परत आली. ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही. मीठ आणायला आठवड्यातून एकदा दोन गावं ओलांडून जायची.

पोरांना वेगळं सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सड्यावर गेले तर मला बाजूच नव्हती. जिथे मी बसायचे तिथे दुसरं कुणी बसलेलं. मी लांब, एकटी, आमची ढोरं घेऊन उभी राहिले. माझ्या समोर दुसऱ्याचं ढोर भरकटलं आणि मी हाळी दिली, तर तो मुलगा पळत आला, ढोर वळवलं आणि माझ्याकडे न बघता गेला. माझं ढोर भरकटलं की मात्र सगळ्यांची तोंडं शिवलेली. ढोरांना बिचाऱ्यांना बैठकीतलं काही कळलं नव्हतं. ती एकमेकांत मिसळून चरत होती, एकमेकांची अंगं चाटत होती. मैत्रीण खाणीच्या बाजूला पाठ करून बसायची. तिच्या पाठीकडे बघून बघून मला तिच्या परकराची ठिगळं पाठ झाली होती.

शाळेत एक गुरुजी घाटावरून नवीन आले होते. त्यांना बाहेर शिकवायची फार हौस. एकदा परिसराचा तास म्हणून आम्हाला सगळ्यांना वडाखाली नेलं आणि म्हणाले, हात धरा, गोल करा, आपण सगळी या झाडाची पानं आहोत. माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी हात काखेत घातले. गोल काही होईना. गुरुजी माझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळ, असं घुम्यासारखं राहू नये. मिळूनमिसळून राहावं." वर्गातल्या झाडून सगळ्यांना कारण माहीत होतं आणि एकजण तोंड उघडेना. मीही उघडलं नाही. म्हटलं, हो बाबा, मीच घुमी. त्या माणसाचा मला अजून राग येतो. आंधळ्याने रस्ता दाखवायला पुढे होऊ नये.

दिवाळी झाली आणि आमची तांबडी हरवली.

तांबडी म्हणजे आमची गाय. गाभण होती, दिवस भरत आलेले. घरात दुसरं दुभतं नव्हतं, आणि वाळीतल्या घराला शेजारून वाटीभर ताक मिळायचीही सोय नव्हती. आईने सगळं वर्ष त्या गाईच्या पोटावर मांडून ठेवलं होतं. मी बाकीची ढोरं घेऊन खाली आले तेव्हा ती त्यांच्यात नव्हती. मी वर पळत गेले, हाका मारल्या, काही नाही. बाकीची पोरं आपापली ढोरं घेऊन माझ्या शेजारून उतरून गेली. एकानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई वाडीभर फिरली. अंगणात जायची बंदी, म्हणून बाहेर वाटेवर उभी राहून विचारायची, "आमची तांबडी बघितलास काय गो?" आत भांडी घासल्याचा आवाज येत असायचा, तोही थांबायचा. एका घरी म्हातारी बाहेर ऊन खात बसलेली, तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. दुसऱ्या घरी दार लावून घेतलं. मेल्यांनो, बोलू नका, पण मान तर हलवायची होती. मान हलवल्याने कुणाचा देव बाटत नाही. आई परत आली ती चुलीपुढे बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांची ढोरा मेली ना, तरी मी सांगायला जाईन. पन ह्यांना माफ करायची नाय."

आम्ही रान धुंडाळलं, रानातला ओढा, तो पऱ्या, धुंडाळला. खाणीकडे गेलो नाही. खाण मानकऱ्याच्या हद्दीत, भोवती गडगा आणि त्यावर काटे. ढोर आत जाईल असं वाटत नव्हतं, आणि आईने बजावलं होतं, त्याच्या हद्दीत पाय टाकलास तर तंगडं मोडीन, त्याला आणखी एक निमित्त मिळायला नको. गडगा मागच्या बाजूने ढासळलाय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं त्याच वाटेने रोज भाताचे भारे डोक्यावर घेऊन जात होती.

अशातच वाघबारस आली. कार्तिकातली बारस, राखणाऱ्या पोरांचा सण. घरोघरून नवे तांदूळ, गूळ, नारळ गोळा करायचे, सड्यावर चूल मांडून खीर शिजवायची, आणि खीर शिजेपर्यंत वाघाला हाकलायचं, म्हणजे वर्षभर तो ढोरांच्या वाटेला जात नाही. वाघ आपल्यातलाच. काळं घोंगडं कातळावर टाकून ठेवायचं. जो उचलून पांघरेल तो वाघ, कुणी कुणाला नेमायचं नाही. एकदा घोंगडं अंगावर आलं की तो वाघच, त्याला नावाने हाक मारायची नाही. वाघाने अंगावर यायचं, पाडायचं, ओरबाडायचं. बाकीच्यांनी शेणाचे आणि चिखलाचे गोळे मारत, तोंडाला येतील त्या शिव्या घालत त्याला पिटाळायचं. "घाटावर जा, घाटावरची ढोरा खा," ही नेहमीची शिवी. त्या दिवशी वाघाला हद्द नसते, कुणाच्याही जमिनीतून पळावं. आणि खिरीचा पहिला वाटा वाघाचा. पंगतीपासून लांब एका कातळावर पान ठेवायचं, कारण वाघ पंगतीत बसत नाही.

आमच्या घरून कुणी तांदूळ मागितले नाहीत हे सांगायला नको. मी ढोरं घेऊन लांब उभी होते. थोरल्याने घोंगडं कातळावर टाकलं. मोठी पोरं एकमेकांकडे बघून हसत होती, तू हो, तू हो. मी चालत गेले आणि घोंगडं उचललं.

कुणाला वाटेल खिरीसाठी. खीर गेली खड्ड्यात. मला कुणाला तरी ओरबाडायचं होतं. दोन महिने माझ्या नखांत जो राग साठला होता तो मला दुसरीकडे कुठे काढताच आला नसता, आणि ही एकच जागा होती जिथे तो काढायला गावाची परवानगी होती.

थोरला माझ्याकडे बघत राहिला. त्याची पंचाईत मला कळत होती. मला नको म्हणायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. शेवटी त्याने वाकून शेणाचा गोळा उचलला, "हा बघा वाघ," असं दुसऱ्यांना बोलला आणि माझ्या खांद्यावर मारला.

मग सगळे सुटले. मीही सुटले. त्या दिवशी मी किती जणांना लोळवलं ते मला आठवत नाही, पण एकाचा सदरा उभा फाडला हे आठवतं आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. गोळे पाठीवर, डोक्यात, कानावर बसत होते. काहींत दगड होते, मुद्दाम घातलेले. पोरं ओरडत होती, हसत होती, आणि इतक्या दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून काहीतरी बोलत होती. "मर मेल्या वाघा." "जळ्ळा मेला वाघ, पळ." शिव्याच होत्या. पण होत्या मला.

मी मैत्रिणीला शोधत होते. ती मागे राहिली होती, हातात गोळा घेऊन, मारत नव्हती. मी तिच्यावर उडी घेतली, तिला खाली पाडलं आणि तिच्या गालावरून नखं ओढली. रक्त आलं. ती रडली नाही. खाली पडल्या पडल्या, वाडीतला सगळ्यात मोठा तो आवाज काढून माझ्या तोंडावर ओरडली, "खाणीत जा मेल्या वाघा! मानकऱ्याच्या खाणीत जा! तितं तांबडी गाय पडलीय, ती खा जा!"

मी थांबले. ती माझ्या डोळ्यांत बघत होती. पुन्हा ओरडली, "गाय हाय खाणीत. जा, खा जा तिला."

खाणीची बाजू तिची होती. तिने तांबडीला ढासळलेल्या गडग्यावरून आत जाताना बघितलं होतं आणि हाळी दिली नव्हती. हे मला तेव्हाच, तिच्या छातीवर बसल्या बसल्या कळलं. म्हणून उठताना मी तिला आणखी एक धपाटा घातला, आणि तिने तो निमूट खाल्ला.

मी खाणीकडे पळाले. मागून सगळी झुंड, गोळे मारत, आरडत. मी गडग्यावरून मानकऱ्याच्या हद्दीत उडी मारली तशी क्षणभर ती थबकली. पण वाघ गेला की मागे जायचंच असतं. तीही आली.

तांबडी खाणीत उभी होती. पोटापर्यंत पाण्यात, अंगावर चिखल, बरगड्या वर आलेल्या, एका पायाने लंगडत. मला बघून ओरडली, पण तिचा आवाज बसला होता. तीन बाजूंनी सरळ कडा आणि चौथ्या बाजूलाही काही उतार नव्हता. मी घोंगड्यासकट खाली उडी मारली. तिच्या पोटाला हात लावला, आत वासरू हललं. मग मी वर बघितलं. कडेने सगळी पोरं उभी होती, हातांत गोळे तसेच.

एक गाय खाणीतून काढायला दहा माणसं लागतात, आणि माझ्याकडे एक आई होती. मी वर बघून काही मागितलं नाही. मेले असते तरी मागितलं नसतं.

सड्यावरचा एक जुना नियम होता. ढोर अडकलं की ज्याने बघितलं त्याने हात लावायचा, ढोर कुणाचं ते नंतर विचारायचं. तो थोरल्यानेच आम्हाला धपाटे घालून शिकवला होता. त्याने खाली गाईकडे बघितलं. मग इतरांकडे वळून बोलला, "ढोर वाळीत नाय."

खाणीच्या कडेला फुटक्या चिऱ्यांचे ढीग होते. त्याने त्यातला एक मोठा तुकडा उचलला आणि माझ्या अंगावर भिरकावल्यासारखा खाणीच्या कोपऱ्यात टाकला. "वाघा, बाजूस हो." मग दुसऱ्याने टाकला. मग सगळ्यांनी. जे हात मघाशी मला मारत होते तेच कोपऱ्यात दगड मारत होते, आणि शिव्या चालूच. "वाघा, तो आडवा घाल." "आंधळा काय मेल्या, खालचा हलतोय." मी खालून रचत होते, पोरं वरून ओतत होती. दोनचार दगड माझ्या पायावर बसले. कुणी अरेरे म्हटलं नाही. मैत्रीण दोन्ही हातांनी चिरे ओढून आणत होती, गालावरचं रक्त तसंच. खाली कुणी उतरलं नाही, मला कुणी हात लावला नाही. विटाळ पाळायचा तेवढा पाळला. वाघाशी मात्र सगळी बोलत होती.

ऊन कलेपर्यंत कोपऱ्यात एक ओबडधोबड चढण झाली. पोरांनी आपापल्या ढोरांची दावी सोडून एकाला एक बांधली, एक टोक माझ्याकडे फेकलं. मी ते तांबडीच्या शिंगांना बांधलं. पोरं वरून ओढत होती आणि मी मागून ढकलत होते. पहिल्या वेळी दगड सरकले आणि तांबडी माझ्यासकट खाली आली. थोरला ओरडला, "वाघा, खांदा लाव, नुसता हात काय लावतोस?" मी खांदा लावला. दुसऱ्या वेळी ती चढली. वर येताच तिने अंग झाडलं आणि सरळ गवताला तोंड घातलं, जसं काही झालंच नाही.

घोंगडं खाली पाण्यात पडलं होतं. पोरांनी दावी सोडवली, गुंडाळली. माझ्या अंगावर घोंगडं नाही हे सगळ्यांनी बघितलं आणि तोंडं मिटली. मी पुन्हा वाळीतली झाले. पोरं खिरीकडे निघून गेली. इतका वेळ चुलीकडे कुणीच नव्हतं, खीर खालून करपल्याचा वास सड्यावर पसरला होता.

मी तांबडीला घेऊन खाली आले. आईने आधी गाईच्या पोटाला कान लावला, मग माझ्याकडे बघितलं, शेणाने माखलेली, गुडघे फुटलेले.

"कुणी सांगितलान?" तिने विचारलं.

"मला नाय कुणी सांगितलान," मी म्हटलं. "वाघाला सांगितलान."

चौकशी झालीच. मानकऱ्याने थोरल्याला देवळात उभं केलं. तो म्हणाला, वाघ खाणीत पळाला, आम्ही मागनं गेलो, वाघाला दगड मारले. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. वाघबारशीला वाघामागे जाऊ नका असं देवळात कोण म्हणणार? मानकऱ्याला त्याला सोडावं लागलं. थोरल्याच्या बापाने मात्र घरी नेऊन त्याला झोडपलं, ते आमच्या अंगणापर्यंत ऐकू आलं. आमचं वाळीत असणं पुढे दोन वर्षं चाललं, तो मानकरी मरेपर्यंत. मग कुणीतरी येऊन विस्तव मागून गेलं आणि सगळे जसं काही झालंच नव्हतं तसे वागायला लागले. त्या गाईसारखेच.

वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी मी सड्यावर गेले तेव्हा लांबच्या त्या कातळावर पान होतं. वाघाचा वाटा. कावळ्यांनी खाऊ नये म्हणून वर दुसरं पान झाकून दगड ठेवला होता. खीर करपलेली होती आणि रात्रीत आंबलेली. मी खाणीच्या गडग्याकडे तोंड करून ती सगळी खाल्ली.

काही दिवसांनी तांबडी व्यायली. पाडी झाली. आमच्याकडे पहिल्या चिकाचा खरवस करून वाडीत घरोघर द्यायची पद्धत. आईने मोठ्या टोपात खरवस केला, वड्या पाडल्या आणि टोप माझ्यापुढे ठेवला. "सड्यावर ने. पोरांचा वाटा."

"कुत्र्याला घाल," मी म्हटलं. "त्यांना नको."

"तुज्यापायी नाय देत. गाय ज्यांनी काडली त्यांचा हाय तो." मग म्हणाली, "आनि टोप घासून आन."

मी टोप नेला, त्याच कातळावर आपटला आणि लांब जाऊन पाठ करून बसले. थोड्या वेळाने पावलं वाजली. सगळी आली होती. न बोलता खात होती, बोटं चाटत होती, ते मला पाठीला ऐकू येत होतं. मग मैत्रिणीचा आवाज आला, मोठ्याने, आपल्या म्हशीला सांगितल्यासारखा.

"गोड कमी हाय गो म्हशी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, तांबडीच्या मानेवर हात ठेवला आणि तिला म्हटलं, "सांग तिला. दुकानदार वाळीतल्या घराला गूळ देत नाय. दोन गावं चालून आनला तेवढाच घातलाय."

खाण्याचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, म्हशीकडेच बघून, "आमच्याकडे हाय गूळ. उद्या आनीन म्हनावं."

"नको म्हनावं," मी तांबडीला सांगितलं.

"तुज्याशी कोन बोलतंय?" ती बोलली. "मी म्हशीशी बोलतंय."

दुसऱ्या दिवशी कातळावर गुळाचा खडा होता, चांगला मुठीएवढा, पानात गुंडाळलेला. ती खाणीच्या बाजूला बसली होती. आज माझ्याकडे तोंड करून. गालावरचे माझे ओरखडे अजून दिसत होते. मी तो खडा उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत तांबडीला चारला, सगळाच्या सगळा. बोटं मात्र मी चाटली.